जावांचा दिवस

रविवारी संध्याकाळी साडेसातला माझी 1969 सालची जावा सोसायटीत आली ती छोट्या हत्तीत उभी राहून. शेजारी कांद्याची सहा पोती आणि गाडी पडू नये म्हणून तिला मिठी मारून बसलेला मी. पुढे केबिनमध्ये जागा होती, पण तिथे ड्रायव्हरचा मेव्हणा झोपला होता. वॉचमनने गेटवरच्या वहीत लिहिलं, 'जुनी मोटारसायकल 1, माणूस 1' आणि वही माझ्यापुढे धरली. मी सही केली.

त्याचा राग आता गेलाय. टेम्पोच्या साडेतीन हजारांचाही जाईल. सुरूर फाट्याच्या अलीकडे त्या दोन बायकांनी माझी जी अवस्था केली, ती मात्र अजून घशाखाली उतरत नाही.

जुलैचा दुसरा रविवार हा जगभरचे जावा-येझदीवाले आपला दिवस म्हणून साजरा करतात. आमचा जुन्या मोटारसायकलींचा क्लबही करतो. आमच्या खजिनदाराला मराठीचा भारी अभिमान, म्हणून या वर्षी टी-शर्टच्या पाठीवर ठळक देवनागरीत छापून घेतलं होतं : 'आंतरराष्ट्रीय जावा दिन'. खाली गाडीचं चित्र टाकायचं ठरलं होतं, पण त्याचे शर्टामागे चाळीस रुपये जास्त पडत होते. हे चाळीस रुपये लक्षात ठेवा.

बेत साधा होता. सहाला कात्रजला जमायचं, खंबाटकी चढायचा, वाईला मिसळ, मेणवलीच्या घाटावर फोटो आणि परत. प्रत्यक्षात सहा ते सव्वासात एकमेकांच्या गाडीत खोट काढण्यात गेले. क्लबाचं मुख्य काम तेच. हा स्पोक ओरिजिनल नाही, तो नट स्कूटरचा आहे, इंजिन नंबर जुळतो पण टाकी येझदीची दिसते. कुणी जुन्या बाजारात चार रविवार घिरट्या घालून टूलबॉक्सचं झाकण मिळवलेलं असतं. ते हातोहात फिरतं, बारशातल्या बाळासारखं.

आमच्या राइड कॅप्टनला सगळे कर्नल म्हणतात. नोकरी सहकारी बँकेत झाली, पण त्याच्याकडे बीएसए एम20 आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने वापरलेलं मॉडेल, 500 सीसी, साइड व्हॉल्व्ह, आणि वळवताना हत्तीला विनंती करावी तशी करावी लागते. निघण्यापूर्वी कर्नलने नियम वाचून दाखवले. पहिलाच नियम : कुणालाही मागे टाकायचं नाही.

वाटेत शिरवळच्या पंपावर एकाने विचारलं, "किती देते?" जुन्या गाडीवाल्याच्या नशिबात हा प्रश्न रोजचा. त्यामागोमाग दोन वाक्यं ठरलेली : "आमच्या वडिलांकडे होती," आणि "पाच हजाराला फुंकली." मी पूर्वी सरासरी सांगायचो. आता सांगतो की ती देत नाही, घेते. तेवढ्यात मी खिशातून खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण काढून लिटरला 40 मिली हिशोबाने टाकीत ऑइल ओतायला लागलो. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, पण पंपावरचा पोरगा मी गाडीला खोकला झाल्यासारखा बघत होता.

घाट ती झकास चढली. दोन सायलेन्सरचा तो आवाज, निळसर धूर, मागच्या कारवाल्यांच्या शिव्या. उतरून वेळे गाव मागे टाकलं आणि गाडीने दोनदा आचका देऊन मौन धरलं. प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, पॉइंट साफ केले. करंट नाही. कंडेन्सर, म्हणजे ठिणगीला मदत करणारी छोटी डबी. गरम झाला की मरतो, गार झाला की जिवंत होतो. महिन्यापूर्वीच नवा घातला होता. म्हणजे दुकानदार नवा म्हणाला होता.

तेवीस गाड्या माझ्या शेजारून गेल्या. एकही थांबली नाही. कर्नलने अंगठा दाखवला. नंतर त्याने खुलासा केला की थांबला असता तर त्याची बीएसए परत चालू झाली नसती. हे खरं आहे, म्हणूनच जास्त चीड येते.

समोर ताडपत्रीखाली एक आजी कणसं भाजत बसली होती. शेजारी नववी-दहावीतला नातू मोबाइल बघत.

"बंद पडली व्हय?"

"हो."

"पडू द्या. बसा. कणीस भाजू का?"

मी पाठ फिरवून हेल्मेट हँडलला अडकवत होतो, तेवढ्यात नातवाने मोठ्याने वाचलं, "आंतरराष्ट्रीय जावा दिन."

"काय म्हंतोस?"

"आज जावांचा दिवस हाय, आजी. आंतरराष्ट्रीय."

आजीचा पुठ्ठ्याने वारा घालणारा हात थांबला. "जावांचा? त्यो कुणी काढला?"

"सरकारनं आसंल."

"बैलांचा हाय, नागाचा हाय, आता जावांचा," आजी म्हणाली. मग जरा विचार करून मला विचारलं, "उपास कुणी धरायचा वं? थोरलीनं का धाकलीनं?"

मी घाईघाईने सांगितलं, की आजी, जावा म्हणजे ही गाडी. तिने गाडीकडे नीट पाहिलं, आधी चाकांकडे, मग माझ्याकडे. "हिला जावा का म्हंत्यात?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण क्लबात शाळांना भाषणं द्यायचं काम माझ्याकडे असतं. मी म्हणालो, झेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाचा कारखानदार होता. 1929 साली त्याने जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकलचं काम उचललं. त्याच्या नावातला जा आणि वाँडररचा वा. जावा.

"यानेचेकमधी जा कुठाय?" नातू.

"तिकडे जे अक्षराचा उच्चार य करतात."

"मग यावा दिन पायजे."

"दोघांची नावं जोडली म्हना की," आजी म्हणाली. "म्हंजी दोन घरांतनं आल्या आन एका घरात नांदाय लागल्या. मग जावाच की! तुमी न्हाई कशाला म्हंताय?"

सतरा वर्षं मी ही गोष्ट सांगतोय. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी कणीस खाऊ लागलो. मीठ-तिखट जास्त होतं, पण बोलायची सोय राहिली नव्हती.

मग आजीने सहज, कोळसा सारता सारता, म्हटलं, "आमच्यात बी हाय की आसली एक. गोठ्यात पडलीया."

जुन्या गाड्यांच्या नादी न लागलेल्यांना हे वाक्य कळणार नाही. काही लोकांना देव स्वप्नात येऊन सांगतो की अमुक विहिरीत माझी मूर्ती आहे, काढ. आम्हाला 'गोठ्यात पडलीया' ऐकू येतं. म्हैसूरला आयडियल जावाचं उत्पादन 1961 मध्ये सुरू झालं, सत्तरच्या दशकात गाडीवरचं नाव बदलून येझदी झालं, 1996 ला कारखाना बंद. 'फॉरएव्हर बाइक, फॉरएव्हर व्हॅल्यू' अशी त्यांची जाहिरात होती. कारखाना गेला, फॉरएव्हर आमच्या गळ्यात आहे. त्यामुळे टाकीवर जावा लिहिलेली गाडी गोठ्यात आहे म्हटल्यावर मी माझी गाडी रस्त्यावर सोडून, नातवामागे, चिखलातून, नव्या बुटांनी निघालो.

गाडी होती. खरोखर होती. टाकीच्या बाजूचा क्रोम शेणाच्या थराखालीही चमकत होता, गुडघ्याची रबरं दोन्ही शाबूत. आणि सीटवर एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

मी चेसिस नंबर बघायला वाकलो. कोंबडीने हाताला टोच मारली.

"तिला उठवू नगा!" आजी मागून आलीच. "बुधवारी बसवलीया. एकवीस दिस व्हायचेत."

मी खालून वाकून बघितलं. इंजिन नव्हतं. पोकळीत एक टोपली होती.

"इंजिन कुठाय?"

आजीने उत्तर दिलं नाही. गोठ्याच्या मधोमध जी विटांची भिंत होती, तिच्याकडे हनुवटी केली.

सासऱ्यांनी हळदीच्या पैशातनं गाडी घेतली होती. ते गेले, दोन भावांत वाटणी झाली. जमीन अर्धी, घर अर्धं, गोठा अर्धा. गाडी एकच. तेव्हा थोरल्याला सांगाडा आणि धाकट्याला इंजिन. धाकट्याने ते कडबाकुट्टीला जोडलं. वाऱ्यावर गार होणारं इंजिन जागेवर उभं करून पळवलं, दुसऱ्या दिवशी धरलं, म्हणजे आतून जाम झालं. भाऊ दोघेही आता नाहीत. जावा दोघी आहेत. बोलत नाहीत.

म्हणजे आजीचा मघाचा प्रश्न चेष्टेचा नव्हता.

"पुण्याचं पावणं आल्यात," आजी भिंतीला म्हणाली. "गाडी बगाय."

भिंतीपलीकडून आवाज आला, "पावण्यांना सांगा, इंजान हितं हाय. पलंगाखाली. पोत्यात गुंडाळून. आमी कोंबड्या न्हाई बसवल्या त्येच्यावर."

आजी मला म्हणाली, "तिला सांगा, इंजान धरलंया. धरल्यालं इंजान पलंगाखाली ठेवलं काय आन डोक्यावर ठेवलं काय."

मी भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "त्या म्हणतात की..."

"ऐकलं म्या. भैरी न्हाई. त्यांना सांगा, आदी वाटणीत टाकी पन निम्मी द्याला पायजे हुती."

आता टाकी निम्मी कशी देणार, असं मी बोलून गेलो. दोन्हीकडून एकदम शांतता. मग दोघी मिळून माझ्यावर घसरल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं कशावर तरी एकमत झालं असावं : बाहेरच्याने वाटणीत बोलू नये.

तरी मी विचारलं, किती घ्याल. थोरली म्हणाली, धाकलीनं इंजान दिलं तर सांगाडा देते. धाकली म्हणाली, त्यांनी आदी द्यावा, मग बगू. मी पाच हजारांनी सुरुवात केली आणि अर्ध्या तासात पंचवीसवर पोचलो, समोरून एकही आकडा न येता. कागदपत्रं? आरसी बुक सासऱ्यांच्या नावावर, त्याला वाळवी लागली, उरलेलं उंदरांनी.

आणि इथे खरी कळ आहे. 2021 मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. 50 वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपातली गाडी असेल तर व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो. नवी नोंदणी 20,000 रुपये, पुनर्नोंदणी 5,000, मुदत 10 वर्षं. छान. पण मग ती गाडी चालवायची कशी? प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला. रोजच्या वापराला नाही. म्हणजे व्हीए नंबरची जावा घेऊन मी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेलो तर गुन्हा. कोथिंबिरीचं प्रदर्शन असेल तर चालेल. माझ्या बापाने याच गाडीवरून मला शाळेत सोडलं. वारसा म्हणायचं आणि काचेत ठेवायचं. वर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, जे माझ्या कार्ब्युरेटरची रबरं जन्माला आली तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गेल्या वर्षात दोनदा पेट्रोलचा पाइप फुगून मऊ पडला. तक्रार करायला गेलो तर समोरचा म्हणाला, "काका, नवी घ्या ना."

परत आलो तेव्हा गाडी गार झाली होती. जावाला किक आणि गिअर एकाच दांडीत असतात. दांडी आत दाबून वर फिरवली की किक, तशीच सोडली की गिअर. हे बघून नातू पहिल्यांदा मोबाइलमधून वर आला. दुसऱ्या किकला चालू! आजीने हात जोडले. मी ऐटीत निघालो, दोनशे मीटरवर बंद. ढकलत परत. आजीने हात पुन्हा जोडले, या वेळी वेगळ्या अर्थाने.

टेम्पो तिनेच ओळखीचा बघून दिला. सहा कणसांचे तीनशे घेतले. मी दोनच खाल्ली होती. बाकीची चार "तुमच्या मंडळींना" म्हणून बांधून दिली. टेम्पो हलताना भिंतीपलीकडचीही रस्त्यावर आली होती, तिच्या हातात पिशवी. "त्यांच्याकडची चार नेताय," ती म्हणाली, "मग माझी बी न्या." तिचेही दोनशे.

घरी बायकोने आठ कणसं बघितली, टी-शर्टची पाठ वाचली, आणि दोन कणसं वेगळी काढून वरच्या मजल्यावर तिच्या जावेकडे पाठवली. काही बोलली नाही. मला वाटतं, आनंदात होती.

क्लबच्या ग्रुपवर कर्नलने मिसळीचे अकरा फोटो टाकलेत. मी अजून एकालाही अंगठा दिलेला नाही. त्या गोठ्याबद्दलही कुणाला सांगितलेलं नाही, नाहीतर सगळे उद्याच तिकडे पळतील आणि कोंबडी उठवतील.

नातवाचा फोन आला होता काल. धाकली म्हणते, इंजान देते. आता थोरली नाही म्हणते, तिनं कबूल केलं म्हणजे त्यात काहीतरी असणार. "पर तुमी या," तो म्हणाला, "एकवीस दिस झाल्यावर. फक्त काका, त्या गाडीवर येऊ नका. पोचाय पायजे ना."

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी त्या बुधवारपुढचे एकवीस दिवस मोजून गोल केलाय. बायकोने विचारलं, कुणाचं काय आहे त्या दिवशी.

कोंबडीचं, म्हटलं.