वॉश बेसिनशेजारचा टॉवेल

सोलापुरातल्या बहुतेक खानावळींत वॉश बेसिनच्या बाजूला खिळ्याला एक टॉवेल अडकवलेला असतो, आणि तो दिसला की आता माझा संताप आवरत नाही. ज्या शहराच्या टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ज्याचा माल देशोदेशी जातो, त्या शहरात दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी एकाच ओल्या फडक्याला तोंड पुसावे, याची कोणालाच लाज कशी वाटत नाही?

गेल्या पावसाळ्यात मी मुलाला घेऊन अशाच एका खानावळीत जेवायला गेलो होतो. आमच्या पुढच्या गृहस्थांचे दोन्ही डोळे लालभडक होते आणि कडांना चिपडे साचली होती. त्यांनी तोंडावर पाणी मारले, टॉवेलने डोळे खसाखसा पुसले आणि तो पुन्हा खिळ्याला लावला. मी हात धुऊन वळेपर्यंत माझ्या मुलाने त्याच टॉवेलात तोंड खुपसले होते. हळदीचे डाग, रश्श्याचा वास, आणि पिळला तर पाणी गळेल इतका तो ओला होता. सहाव्या दिवशी मुलाचे डोळे आले, त्यानंतर त्याच्या आईचे आणि मग माझे. टॉवेलमुळेच आले हे मी सिद्ध करू शकत नाही, पण माझा संशय दुसरीकडे जातच नाही.

त्याहून चीड येते ती लोकांच्या समजुतीची. डोळे आलेल्या माणसाकडे नुसते पाहिले तरी लागण होते, असे शिकलीसवरलेली माणसेही छातीठोकपणे सांगतात, 2023 च्या साथीतही सांगत होती, आणि काळा चष्मा लावला की आपले कर्तव्य संपले असे समजतात. अहो, नजरेतून काही जात नाही! डोळ्यांतला स्राव हाताला लागतो, हातावरून टॉवेल, नळ, दाराची कडी, मोबाइल यांना लागतो आणि तिथून दुसऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. अशा साथींमागे अनेकदा असणारे अ‍ॅडेनोव्हायरस हे विषाणू कोरड्या वस्तूंवरही कित्येक दिवस टिकतात आणि सॅनिटायझरला सहजासहजी दाद देत नाहीत. त्यासाठी साबणाने नीट हातच धुवावे लागतात. आणि धुतलेले हात आपण पुसतो कशाला, तर त्याच टॉवेलला! गजकर्णाची बुरशी आणि खरजेचे किडेही अशा कपड्यांवरून पसरू शकतात, हे वेगळेच.

ही काही काल-परवा कळलेली गोष्ट नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने 1909 मध्ये रेल्वे आणि सार्वजनिक ठिकाणच्या सामाईक पेल्यावर बंदी घातली. सॅम्युएल क्रम्बाइन या आरोग्य अधिकाऱ्याने आगगाडीत क्षयाचे रुग्ण ज्या पेल्याने पाणी पीत होते, त्याच पेल्याने एका लहान मुलीला पाणी पिताना पाहिले होते. पुढे सामाईक टॉवेलही त्यांनी बंद करायला लावला. शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी आमच्याकडे पिंपावरचा साखळीचा पेला आहे आणि खिळ्याचा टॉवेलही आहे.

परवा मी मुद्दाम त्याच खानावळीत जाऊन मालकांशी बोललो. ते म्हणाले, "साहेब, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतंय, रोज टॉवेल कुठनं धुवायचा?" पाण्याची ही रड मला ठाऊक आहे, माझ्याही घरात पिंपे भरून ठेवावी लागतात. पण धुता येत नसेल तर टॉवेल ठेवूच नका, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. लोक ओले हात झटकतील, स्वतःच्या रुमालाला पुसतील, कोणाचेही काही बिघडणार नाही. त्यावर त्यांनी "गिऱ्हाईक मागतंय" एवढेच उत्तर दिले, आणि आमचे बोलणे चालू असतानाच एका बाईंनी कडेवरच्या तान्ह्या बाळाचे तोंड त्या टॉवेलने पुसले.