क्रूझला जाताय? मग गाडी घरीच ठेवा

डिसेंबरात आम्ही मुंबई-गोवा क्रूझ करून आलो, फोटो टाकले, तेव्हापासून रोज कुणी ना कुणी विचारतंय. बाल्कनीची खोली घ्यावी की खिडकीची? व्हेज जेवण नीट मिळतं का? आईंना बोट लागली का? सगळ्यांना उत्तरं दिली. पण घरातून किती वाजता निघालात, कशाने गेलात, गोव्यात उतरल्यावर हातात खरे किती तास उरले, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. आणि माझ्या मते सहल तिथेच ठरते. खोली कुठलीही घ्या, झोप लागतेच.

बहिणीची गोष्ट सांगते, तिला विचारूनच. ती नेरूळला राहते. दोन वर्षांपूर्वी ते चौघं क्रूझला गेले होते. भावोजींचं गणित सरळ होतं. आपली गाडी काढायची, जहाज सुटतं त्या बॅलार्ड पिअरच्या धक्क्याजवळ, बॅलार्ड इस्टेटला, कुठेतरी पे अँड पार्क मिळेल, तीन दिवसांचे पैसे भरायचे, परत आलो की डिकीत सामान टाकून तासाभरात घरी. पहिल्या ठिकाणी पार्किंगवाला म्हणाला, रात्री गाडी ठेवून घेत नाही. दुसरीकडे जागाच नव्हती. तिसरीकडे माणूसच नव्हता. पाऊण तास तेच चार रस्ते फिरत होते. मागच्या सीटवर बहीण, दोन मुलं, एक बॅग पायांत आणि मांडीवर आधार कार्डांची फाईल. शेवटी भावोजींनी सगळ्यांना बंदराच्या फाटकापाशी उतरवलं, गाडी आतल्या एका गल्लीत कडेला लावली आणि पळत आले. काउंटर बंद व्हायला बारा मिनिटं होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गल्लीत गाडी नव्हती. टो करून नेली होती. दंड भरून ती ताब्यात मिळेपर्यंत दुपारचे तीन वाजले. आज त्या सहलीबद्दल विचारलं तर मुलांना पूल आठवतो आणि भावोजींना ती रिकामी जागा. तेलाचा एक डाग तेवढा होता म्हणतात रस्त्यावर.

आता बॅलार्ड पिअरला नवं टर्मिनल झालंय. २० सप्टेंबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. ऐसपैस आहे, स्वच्छ आहे, आणि तिथे तीनशेच्या वर गाड्यांची सोय केलेली आहे. मला त्याचा खरोखर अभिमान वाटला. पण हिशोब करा. एका जहाजावर दीड-दोन हजार माणसं चढतात. चार माणसांमागे एक गाडी धरली तरी एकाच जहाजाच्या चार-पाचशे गाड्या होतात. आणि हे टर्मिनल एका वेळी पाच जहाजं लागतील असं बांधलंय. तिथे आपल्याला जागा मिळेलच, असं धरून कुणी घरातून निघू नये.

म्हणून माझं मत ठाम आहे. ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या माणसाने क्रूझला स्वतःची गाडी नेऊच नये. आपल्या सोसायटीत, आपल्या नंबरच्या जागेवर ती तीन दिवस सुखात उभी राहते. कुणी सोडायला येणार असेल तर उत्तम, सोडून त्याने परत जावं.

आम्ही लोकलने गेलो. हो, आईला घेऊन. वय ७८, दोन्ही गुडघे दुखरे. माझ्या नणंदेने फोनवर दोनदा विचारलं, "वहिनी, एवढे पैसे भरून लोकलने?" मी म्हटलं, पैसे भरलेत म्हणूनच. ठाण्यात आमच्या नौपाड्यातून स्टेशनला रिक्षाने दहा मिनिटं. शुक्रवार होता, सकाळची गर्दी ओसरल्यावर निघालो. फास्ट गाडीच्या फंदात पडलो नाही. ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल घेतली, कारण ती रिकामी लागते आणि म्हातारं माणूस धक्के न खाता खिडकीपाशी बसतं. वेळ थोडा जास्त गेला, पण तो वेळ आधीच धरलेला होता. आणि सीएसएमटीची मोठी सोय अशी की ते शेवटचं स्टेशन आहे. गाडी उभी राहते, उतरायची घाई नाही, जिना नाही, पूल नाही. प्लॅटफॉर्मवरून सपाट चालत बाहेर. आईला हे फार महत्त्वाचं होतं.

तिथून बॅलार्ड पिअर दीडेक किलोमीटर. काळी-पिवळी टॅक्सीचं किमान भाडं तेव्हा ३१ रुपये होतं. जवळचं भाडं म्हणून दोघांनी नकारार्थी मान हलवली, तिसरा तयार झाला. त्याला सांगताना "ग्रीन गेट, बॅलार्ड पिअर" असंच सांगा. नुसतं "बोट" म्हटलंत तर तो तुम्हाला गेटवेला नेईल नाहीतर भाऊच्या धक्क्याला. भाऊच्या धक्क्याजवळही एक क्रूझ टर्मिनल आहे, २०१८ मध्ये आंग्रिया ही क्रूझ तिथूनच गोव्याला निघायची, त्यामुळे जुने टॅक्सीवाले हमखास तिकडे वळतात.

ठाण्यातल्याच घोडबंदर रोडवाल्यांनी माझा हिशोब जसाच्या तसा घेऊ नये. कासारवडवली ते तीन हात नाका हा वेगळा प्रवास समजा आणि त्याला वेगळा तास ठेवा. तीन हात नाक्याच्या पुढे कॅबने जायचं तर पूर्व द्रुतगती मार्ग, छेडानगर आणि मग फ्रीवे, हा रस्ता चांगला पळतो. मुलुंडला कारचा टोलही ऑक्टोबर २०२४ पासून नाही. फ्रीवे उतरता उतरता मात्र ऑरेंज गेटपाशी बोगद्याचं काम चालू आहे, तिथे गाडी कधी सरकते, कधी नुसती उभी राहते. शेवटच्या दोन किलोमीटरला वीस मिनिटं लागली तर नवल वाटून घेऊ नका.

बहीण या वेळी कॅबने आली, उलव्याहून अटल सेतू चढून शिवडीला उतरली आणि तिथून फ्रीवे. पुलाचा टोल २५० रुपये. ती म्हणते, दोन वर्षांपूर्वी गाडीपायी जो मनस्ताप झाला त्याच्या मानाने हे काहीच नाही. भावोजी पुलावर पूर्ण वेळ पाण्याकडे बघत बसले होते. गाडी चालवायची नसल्यामुळे त्यांना पहिल्यांदाच तो समुद्र नीट दिसला.

आता वेळेचं. तिकिटावर ठळक छापलेली असते ती जहाज सुटायची वेळ. ती डोक्यातून काढून टाका. त्याच्या खाली बारीक अक्षरात चेक-इन बंद व्हायची वेळ असते, ती आपली. आमचं जहाज पाचला सुटणार होतं आणि काउंटर तीनला बंद. मी बारा हीच पोहोचायची वेळ धरली. सव्वाबाराला पोहोचलो. बॅगा ताब्यात देऊन, ओळखपत्रं दाखवून, तपासणी होऊन जहाजात पाऊल टाकलं तेव्हा दोन वाजत आले होते. आमच्या मागे अडीचला आलेल्या एका कुटुंबाची काय धावपळ झाली ती पाहिली. बिचाऱ्या आजी चाकांच्या खुर्चीची वाट बघत उभ्या होत्या. खुर्ची हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगून ठेवा, फाटकावर मागायची गोष्ट नाही ती.

आईला मात्र माझ्या या घाईचं काही वाटलं नाही. ती मूळची विजयदुर्गची. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने गावी जायची. आजोबा म्हणे दुपारीच धक्क्यावर हजर व्हायचे, कारण डेकवर सतरंजी अंथरून जागा धरायची असायची. उशिरा गेलं की इंजिनाच्या उष्णतेजवळची जागा मिळायची आणि रात्रभर बोट लागायची. बंदर आलं की बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि मचव्यातून किनाऱ्यावर जायचं. एका हाताने आईचं बोट आणि दुसऱ्या हाताने परकराचा घोळ धरून मचव्यात उडी मारल्याचं ती अजून सांगते. लिफ्टने सहाव्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत पोहोचल्यावर तिने आधी गादीवर हात फिरवला आणि म्हणाली, "सतरंजी नको म्हणजे."

गोव्याकडे येते, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथे फसतात.

जहाज लागतं मुरगाव बंदरात, वास्कोच्या टोकाला. आणि आपल्या डोक्यात गोवा म्हणजे कळंगुट, बागा, पणजी. मुरगावहून पणजी तीसेक किलोमीटर आहे, कळंगुट त्याच्याही पुढे. जुवारीचा नवा पूल झाल्यापासून पणजी सोपी झाली हे खरं, पण कळंगुटला जाऊन, पाण्यात जाऊन, जेवून परत यायचं म्हणजे दिवस रस्त्यावरच जातो.

आमच्या तिकिटावर गोव्याचा वेळ लिहिला होता सकाळी १०.३० ते संध्याकाळी ६.३०. वाचताना आठ तास. प्रत्यक्षात काय झालं ते मी वहीत लिहून ठेवलंय. साडेदहाला जहाज लागलं. उतरायला सुरुवात झाली साडेअकराला. आईच्या चालीने आम्ही बंदराच्या फाटकाबाहेर पडलो सव्वाबाराला, कारण ठरवलेली टॅक्सी आत येत नाही, फाटकापर्यंत त्यांच्या बसने जायचं. सगळ्यांनी जहाजावर परत यायची वेळ साडेपाच. मी आमच्यापुरती पावणेपाच ठेवली. म्हणजे आठ तासांचे राहिले साडेचार. हे साडेचार तास ज्याला आधी माहीत असतात, त्याचा दिवस चांगला जातो.

आमचं कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. आईची एकच इच्छा होती, ओटी भरायची. बोरीचा पूल ओलांडून फोंड्यापर्यंत आणि पुढे कवळे, जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. उरले दोन तास. त्यात दर्शन, ओटी, आणि देवळाबाहेर एका घरगुती खानावळीत जेवण. दुसरं काहीही नाही. टॅक्सीवाले दादा वाटेत म्हणाले, "मंगेशी जवळच आहे, पाच मिनिटांत करून जाऊ." मी नको म्हटलं. मला ते नको म्हणणं जड गेलं, कारण मंगेशीला जायला कुणाला नको असतं? पण पाच मिनिटांचं देऊळ आईच्या गुडघ्यांना चाळीस मिनिटांचं असतं. त्याऐवजी ती शांतादुर्गेच्या सभामंडपात खांबाला टेकून वीस मिनिटं नुसती बसली. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून. दीपमाळेकडे बघत होती. तळीवरून वारा येत होता. ती वीस मिनिटं मी मंगेशीच्या बदल्यात घेतली आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

भाचे आमच्याबरोबर आले नाहीत, आणि त्यांनी यावं असा आग्रहही आम्ही धरला नाही. बहीण-भावोजी त्यांना घेऊन बोगमाळ्याला गेले. वास्कोपासून जवळ, विमानतळाच्या पलीकडेच. तीन तास पाण्यात काढून, मासे-भात खाऊन ते चारलाच परत आले. एका कुटुंबाने एका बंदरात दोन वाटांनी जायला काहीच हरकत नसते. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र जायचं या हट्टापायी आपल्याकडे फार सहली नासतात.

जहाजाची सहल घ्यावी की स्वतःची टॅक्सी, हा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. जहाजाच्या बसने गेलात आणि बस वाहतुकीत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, कारण ती त्यांचीच बस असते. स्वतः गेलात तर थांबत नाही. मग पुढचं बंदर किंवा मुंबई, आपल्या पैशाने गाठा. म्हणून ज्याला पणजी आणि जुनं गोवंच बघायचंय, त्याने मुकाट्याने जहाजाची बस घ्यावी. चाळीस जणांत फिरावं लागतं, दुकानात थांबवतात, पण काळजी नसते. आम्हाला कवळ्याला जायचं होतं आणि तिथे त्यांची बस जात नव्हती, म्हणूनच टॅक्सी केली, आणि म्हणूनच पाऊण तास हाताशी राखला. तो लागला नाही. फाटकापाशी बसून शहाळी प्यालो.

सिंगापूरहून क्रूझ घेणाऱ्यांसाठी एकच वाक्य: तिथे हार्बरफ्रंट आणि मरीना बे अशी दोन वेगळी टर्मिनलं आहेत, कुठलं ते तिकिटावर बघा, आणि सुटायच्या दिवशी सकाळच्या विमानाने जाऊ नका, आदल्या दिवशी पोहोचा.

परतीचं सोपं असतं, फक्त वार बघा. आम्ही रविवारी सकाळी परतलो आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक, रुळांच्या कामासाठी काही तास लोकलचा खोळंबा. शनिवारी रात्रीच जहाजावर फोनला रेंज आली तशी ब्लॉकची वेळ बघून घेतली. मुख्य मार्गावर ब्लॉक असला तरी गाड्या उशिरा का होईना मिळतात, पण हार्बरच्या ब्लॉकमध्ये सीएसएमटीहून नवी मुंबईची गाडीच नसते कधीकधी. म्हणून बहिणीने कॅब आदल्या रात्रीच ठरवून ठेवली होती. आम्ही पावणेदहाला बाहेर पडलो आणि ब्लॉक सुरू व्हायच्या आत ठाण्याला होतो. आईच्या पिशवीत ओटीचा नारळ होता, तो तिने कुणाला धरू दिला नाही.

आता तिला लक्षद्वीपला जायचंय. मी सांगितलं, अगत्तीला जहाज बाहेर उभं राहतं, लहान बोटीतून किनाऱ्यावर जावं लागतं, आणि समुद्र खवळलेला असला तर उतरवतच नाहीत. तिने विचारलं, "म्हणजे मचवाच की?" मी हो म्हटलं. फिजिओथेरपिस्टला फोन करून पायऱ्यांचा व्यायाम विचारून घे म्हणाली, आजच.