लाईन म्हणजे फक्त रेषा?

खान्देशातल्या पोरांना इंग्रजी जमत नाही, असं कोणी म्हटलं की मला मनापासून राग येतो. सातवीतलं कुठलंही पोर घ्या, अमळनेरचं, साक्रीचं, शिरपूरचं. दिवसभरात ते 'लाईन' हा एकच इंग्रजी शब्द किती अर्थांनी वापरतं, ते जरा कान देऊन ऐका. मळ्यातून आजोबा हाक मारतात, 'लाईन उनी (आली) का रे?' तेव्हा ती वीज असते, आणि तीही विहिरीवरची मोटार उचलेल अशी थ्री फेज. रेशन दुकानापुढे लाईन लागते ती माणसांची. नंदुरबार 'सुरत लाईनला' आहे म्हणजे रेल्वेमार्ग. चुलतभाऊ 'मेडिकल लाईनला' गेला म्हणजे धंदापेशा. ठिबकची लाईन फुटली म्हणजे नळी. सरांनी एखाद्याला लाईनीवर आणलं म्हणजे वठणीवर आणलं. यातलं काहीच त्याला कोणी शिकवलेलं नाही आणि त्याचा कधी गोंधळही उडत नाही.

हेच पोर वर्गात आलं की आपण त्याच्या वहीत लिहून देतो : लाईन = रेषा. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मध्ये बरोबरचं चिन्ह. पाठ कर, उद्या विचारणार. मी इंग्रजी शिकवतो आणि माझं स्पष्ट मत आहे, की आपल्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान या बरोबरच्या चिन्हाने केलंय. पुढे कधीतरी धड्यात वाक्य येतं, की नट रंगमंचावर आपल्या 'लाईन्स' विसरला. मूल वहीतला अर्थ लावून बघतं. नट रेषा विसरला? काही जुळत नाही, कारण इथे लाईन्स म्हणजे संवाद. मग ते गप्प बसतं आणि आपल्याला इंग्रजी कळतच नाही अशी स्वतःची समजूत करून घेतं. घरी लाईनीचे पाच-सहा अर्थ सहज बोलणारं मूल आपण एका अर्थावर आणून ठेवतो.

या शब्दाची गोष्ट सांगायला तर मला फार आवडतं. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस. आपण जिची चटणी करतो तीच वनस्पती. युरोपात तिच्या खोडातून धागा काढायचे, त्याचं कापड ते लिनन. त्या धाग्याला म्हणायचे 'लिनेआ'. धागा ताणला की सरळ होतो, म्हणून सरळ रेघेला तेच नाव पडलं. पुढे त्याच नावात दोरी आली, तार आली, रूळ आले, कवितेची ओळ, देशाची सीमा, घराण्याचा वंश, कोळ्याच्या गळाची दोरी, सगळं आलं. कपड्याला आतून लिनन लावायचे, म्हणून शिंपी अस्तराला 'लायनिंग' म्हणतो. हे एकदा कळलं की अर्थ पाठ करावे लागत नाहीत, ते एकातून एक निघताना दिसतात.

आणि मराठीत हाच प्रवास कापसाच्या धाग्याने केलाय. गवंडी भिंत उचलताना कसा काम करतो ते बघा. दोन्ही टोकांना लाईनदोरी बांधतो, ताणतो, बोटाने टण् करून पाहतो. मग एकेक वीट मालावर बसवत तिची कड दोरीच्या अगदी जवळ आणतो, पण दोरीला टेकू देत नाही, कारण एक वीट टेकली की दोरी ढळते आणि पुढचा सगळा थर वाकडा जातो. जमलं की म्हणतो, 'भिंत सुतात आहे.' सूत! सुतारही त्याच सुतातला, सूत्रधारावरून आलेला. लोहाराकडे गेलात तर इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. गणितातलं सूत्रही तेच. जवसाच्या धाग्याने तिकडे जे केलं तेच कापसाच्या सुताने इकडे केलं. कापूस पिकवणाऱ्यांच्या पोरांना हे सांगून बघा, वर्ग कसा जागा होतो ते.

समानार्थी शब्दांचंही तसंच. लाईन, रो, क्यू, रँक, फाईल हे सगळे एका चौकटीत घालून मुलांकडून पाठ करून घेतात. ते एक नाहीत. क्यू हा फ्रेंचमधून आलेला शब्द, त्याचा मूळ अर्थ शेपूट, त्यामुळे त्यात वाट बघत उभं राहणं आहे. रँक म्हणजे खांद्याला खांदा लावून, फाईल म्हणजे एकामागे एक. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही मुलाला हा फरक मैदानावर उभं करून दोन मिनिटांत कळतो. मराठीत तर तो आधीपासूनच कळतो. जेवायला पंगत बसते, दर्शनाला रांग लागते, सारंगखेड्याच्या यात्रेला माणसांची रीघ लागते, वहीत ओळ असते, पाभरीमागे तास पडतात, मोत्यांचा सर असतो. पंगतीला 'जेवणाऱ्यांची रीघ' म्हणणारं पोर मला अजून भेटलेलं नाही. शब्द निवडायची ही समज इंग्रजीत घेऊन जाणं, एवढंच तर शिकवायचंय.

(इथेच एक सांगून टाकतो. विजेला 'लाईन' म्हणण्याला माझी काही हरकत नाही, तो आता आपलाच शब्द झालाय. पण शेतात तास आणि काकरी असताना तिथेही लाईनच म्हणायला लागलो आहोत, त्याचं वाईट वाटतं.)

पालकांना वाटतं, लांबलचक स्पेलिंगचे शब्द आले म्हणजे इंग्रजी आलं. खरी कसोटी छोट्या शब्दांची असते. सेट, रन, टेक, गेट. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचेच चारशेहून जास्त अर्थ दिलेत. घाबरायचं कारण नाही. आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, घाट लागतो, दिवे लागतात, नाद लागतो. कोणाच्या आईने याची यादी पाठ करून घेतली होती? वाक्यं ऐकून ऐकूनच आलं ना ते?

म्हणून शिक्षक मित्रांना माझं सांगणं आहे, वहीतलं ते बरोबरचं चिन्ह पुसा. शब्द द्याल तेव्हा तीन-चार वाक्यांत द्या आणि अर्थ मुलांना काढू द्या. भुसावळच्या मुलांना 'लाईन क्लिअर'पासून सुरुवात करा. पुढच्या स्टेशनाने लाईन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सुटत नाही, हे रेल्वेवाल्यांच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. 'डेडलाईन' शिकवताना 1864 चा अमेरिकेतल्या यादवी युद्धातला अँडरसनव्हिलचा तुरुंग सांगा. तिथे आत एक हद्द आखलेली होती आणि ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. मुलं तो शब्द विसरणार नाहीत.

आणि गावातल्या देणगीदारांना हात जोडून विनंती. वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला घड्याळ, खुर्च्या, पंखे देता, चांगलंच आहे. पुढच्या वेळी इंग्रजी-मराठी शब्दकोश द्या, एका शब्दाखाली सगळे अर्थ वाक्यांसकट देणारे. ते मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात राहता कामा नयेत, वर्गात बाकावर पाहिजेत, दोन मुलांत एक.