‘त्या काळी चालायचं’ हे उत्तर मला चालत नाही

गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात फळ्यावर एक वाक्य लिहिलं. ज्या जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं, त्यांच्या संपत्तीत चीनला पाठवलेल्या अफूचा मोठा वाटा होता.

वर्ग चिडीचूप. मग तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. “बाई, माझी मम्मी तिथे आया आहे. माझा जन्मपण जेजेतलाच.” आवाजात राग होता. रास्तच होता.

मी आधी नकाशा काढला. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरात यायची आणि इथून जहाजाने चीनमधल्या कँटन बंदराकडे जायची. कंपनी सरकार त्यावर कर घ्यायचं. चीनमध्ये अफूला बंदी होती, तरी माल चोरून उतरवला जायचा. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त करून नष्ट केल्या. मग ब्रिटन आणि चीनमध्ये युद्ध झालं, १८४२ च्या तहात हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं. त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ किताब मिळाला आणि १८४५ मध्ये हॉस्पिटल सुरू झालं. माहीमचा कॉजवेही त्याच घरातल्या, त्यांच्या पत्नी अवाबाईंच्या पैशातला.

“पण बाई, तेव्हा तसंच चालायचं ना?” मागून एकाने विचारलं.

हे वाक्य मुलांना आम्हीच शिकवतो. काही वर्षांपूर्वी मीच वर्गाला लिहून दिलं होतं, ‘त्या काळाच्या चौकटीत पाहावे.’ चाळीस पेपरांत तेच वाक्य जसंच्या तसं परत आलं. तपासताना मला फार वाईट वाटलं. एका मुलानेही स्वतः विचार केला नव्हता, कारण मी तशी जागाच ठेवली नव्हती.

या वेळी मी त्याच काळातली माणसं वर्गात आणली. १८४० मध्ये ब्रिटिश संसदेत या युद्धाविरुद्ध खासदार ग्लॅडस्टन, जे पुढे पंतप्रधान झाले, बोलले. सरकारविरुद्धचा ठराव २६२ विरुद्ध २७१ असा, फक्त नऊ मतांनी पडला. आणि आपले दादाभाई नौरोजी. मुंबईचे, पारशी, एल्फिन्स्टनचे प्राध्यापक. त्यांनी पुढे अफूच्या व्यापारावर कडाडून टीका केली. म्हणजे ‘तेव्हा कुणाला कळत नव्हतं’ हे खरं नाही. कळत होतं, लोक भांडतही होते.

जमशेटजी लहानपणीच पोरके झाले होते, शून्यातून वर आले होते, हेही मी सांगितलं. ते सांगितल्याशिवाय त्यांना दोषी ठरवणं मला अप्रामाणिक वाटतं.

मग वाद पेटला. पुतळे हलवा, नाव राहू द्या, देणगी दिली म्हणून पाप धुतलं जात नाही, पण लाखो रुग्ण बरे झाले त्यांचं काय? त्या गदारोळात खिडकीजवळचा एक मुलगा हळूच म्हणाला, “माझ्या पप्पांची पानटपरी आहे. गुटखा बंद आहे. पण गिऱ्हाईक मागतं.” कान लालबुंद झाले होते त्याचे. वर्ग एकदम शांत झाला, कुणीही हसलं नाही. मी “बस” एवढंच म्हटलं आणि विषय पुढे नेला. मुलाला त्याच्या बापाविरुद्ध साक्षीला उभं करायचं नसतं, हे आम्हा शिक्षकांना कळलंच पाहिजे. नैतिक प्रश्न वर्गात आणताना सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी लागते.

तास संपताना नेहमीचा प्रश्न आलाच, “बाई, परीक्षेत काय लिहायचं?” म्हटलं, तुला जे पटतं ते लिही. मात्र समोरच्या बाजूचं सगळ्यात मजबूत म्हणणं आधी लिही, मग तुझं. दोन्हीला मार्क आहेत.

पुढच्या सोमवारी भायखळ्याचा तुरुंग घेणार आहे. १८९७ मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग तिथल्या तयार झालेल्या कैद्यांना टोचली. कैद्याचा ‘हो’ हा खरंच ‘हो’ असतो का, एवढं एकच विचारणार आहे. इतिहास शिकवणाऱ्या कुणी हा विषय वर्गात घेतला असेल, तर कृपया सांगा, मुलं कुठे अडली आणि तुम्ही कुठे अडलात.