टेस्टोस्टेरॉन घेतल्याने शुक्राणू वाढत नाहीत, घटतात

सध्या फिरणारा दावा असा: वृषण किंवा बीजांडकोश तयार झाले की मूल आपोआप वयात येतं, मेंदूचा त्यात संबंध नाही. पुढे मूल होत नसेल तर टेस्टोस्टेरॉनसारखं हॉर्मोन कमी पडतंय. ते बाहेरून घ्या, जितकं जास्त तितकं बरं.

"ग्रंथी तयार झाल्या की वयात येणं सुरू." ग्रंथी बाळपणापासून काम करू शकतात. मुलग्याच्या जन्मानंतर पहिले काही महिने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन चांगलंच वर चढतं, मग मेंदू लगाम ओढतो आणि पुढे अनेक वर्षं सामसूम. एमकेआरएन३ हे जनुक त्या लगामाचा एक भाग. ते बिघडलं तर मूल वेळेआधी वयात येतं. याउलट, किसपेप्टिनचा रिसेप्टर (पेशीवरचा संदेश झेलणारा भाग) बिघडला तर मूल वयात येतच नाही, हे २००३ साली कळलं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच हे हॉर्मोन निघतं आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं; त्या जीएनआरएचला चालना देणारा संदेश म्हणजे हे किसपेप्टिन. ज्यांचं जीएनआरएच सुटतच नाही पण पिट्युटरी ठीक आहे, त्यांना पंपाने साधारण दर दीड तासाला त्याचा छोटा डोस दिला की बहुतेकांच्या ग्रंथी कामाला लागतात. दोष ग्रंथींचा नव्हताच.

"जितकं जास्त तितकं बरं." इथे दावा पुरता उलटा पडतो. १९७८ साली अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने हायपोथॅलॅमस निकामी केलेल्या माकडिणींना जीएनआरएच तासाला एकदा दिलं. पिट्युटरीतून एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषण-बीजांडकोशाला कामाला लावणारे दोन हॉर्मोन, पूर्ववत सुटू लागले. तेच औषध अखंड सोडलं, तर दोन्ही खाली आले. सतत दार ठोठावत राहिलं की पिट्युटरी आपले रिसेप्टर आवरून घेते. ल्युप्रोलाइडसारखी, जीएनआरएचची नक्कल करणारी औषधं याच बळावर वेळेआधीचं वयात येणं थांबवतात. मात्र सुरुवातीचे एक-दोन आठवडे हॉर्मोन वाढतात, आणि औषध उलटलं म्हणून पालक घाबरतात. जीएनआरएचच्या ठोक्यांचा वेगही महत्त्वाचा: वेगवान ठोक्यांना एलएच जास्त, संथ ठोक्यांना एफएसएच.

"टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू वाढतात." स्नायू वाढतात, हे खरं. पण रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसलं की मेंदू एलएच-एफएसएच बंद करतो. शुक्राणू घडायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्ताच्या अनेक पट लागतं, आणि तिथलंच आटतं. रिपोर्ट झकास आणि शुक्राणू शून्य, असं घडू शकतं. इंजेक्शन थांबवल्यावर संख्या परतायला बरेच महिने जातात, कधी वर्षाहून जास्त.

म्हणून औषधाआधी सकाळी टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि एफएसएच एकत्र तपासावेत. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त, तर बिघाड वृषणात. दोन्ही कमी, तर वर मेंदूत किंवा पिट्युटरीत. प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हॉर्मोन) वाढलेलं नाही ना, तेही पाहावं. दोन्ही कमी असण्याच्या या दुसऱ्या प्रकारात मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन नव्हे, एलएचसारखं काम करणारं एचसीजी आणि गरजेप्रमाणे एफएसएचची इंजेक्शनं देतात.