कॉमेंटमधला जुना सर्व्हर रेगेक्सला कसा कळणार?

सोलापूरच्या प्रोग्रामर मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सल्ला सध्या जोरात फिरतोय. "एक्सएमएल कॉन्फिग म्हणजे शेवटी टेक्स्टच. पार्सर जड, रेगेक्सने एका ओळीत काम होतं. व्हॅल्यू नाही मिळाली तर डीफॉल्ट द्या. तसंही एक्सएमएल मेलंय." कॉन्फिग म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल, इथे एक्सएमएल या टॅगवाल्या फॉरमॅटमधली; पार्सर ती रचना समजून वाचतो, रेगेक्स नुसता अक्षरांचा नमुना जुळवतो. सल्ला टाळ्या घेणारा आहे, पण कारखान्यात चालवून बघा.

‘शेवटी टेक्स्टच’ हे आधी घेऊ. टॉवेल कारखान्याचं बिलिंग समजा. सर्व्हर बदलला की माणूस जुनी ओळ पुसत नाही, कॉमेंट करून, म्हणजे प्रोग्रामने वाचू नये अशी खूण करून ठेवतो आणि खाली नवी लिहितो. रेगेक्स वरून पहिली जुळणारी ओळ उचलतो, म्हणजे कॉमेंटमधली. जुना सर्व्हर चालू असेल तर एररही येत नाही. बिलं गुपचूप तिकडे जातात आणि महिनाअखेरीला पार्टीचं खातं जुळत नाही. पार्सर कॉमेंटला कॉमेंटच समजतो. टॅगच्या आत लिहिलेल्या अॅट्रिब्यूटचा क्रमही तसाच: ‘की’ आधी की ‘व्हॅल्यू’ आधी, एक्सएमएलला फरक पडत नाही, तुमच्या पॅटर्नला पडतो. दुकानाच्या नावात & असेल तर फाइलमध्ये ते एस्केप करूनच, म्हणजे सांकेतिक रूपात, लिहावं लागतं. पार्सर ते परत & करून देतो; रेगेक्स मात्र बिलावर चिन्हापुढे ‘एएमपी’ आणि अर्धविराम छापून मोकळा.

जड? कॉन्फिग चार-दोन केबीची, तीही प्रोग्राम सुरू होताना एकदा वाचायची. दर बिलाला फाइल उघडत असाल तर दोष पार्सरचा नाही.

डीफॉल्टचा सल्ला मात्र खरंच घातक. टाइमआउटला डीफॉल्ट ठीक. जीएसटीचा दर सापडला नाही म्हणून शून्य धरणार का? तिथे प्रोग्राम थांबलाच पाहिजे. शिवाय हाती येते ती स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरं. पायथनमध्ये ‘फॉल्स’ ही स्ट्रिंग खरं-खोटं ठरवणाऱ्या बूलला दिली तर उत्तर ट्रू येतं, कारण ती रिकामी नाही. डॉटनेटमध्ये इनव्हेरियंट कल्चर (कुठल्याच देशाशी न बांधलेली आकड्यांची पद्धत) न देता २.५ पार्स केलं, तर जर्मन सेटिंगच्या मशीनवर ते २५ होतं, कारण तिथे टिंब हजार वेगळे करायला वापरतात. निर्यातवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एक्सएमएल मेलंय म्हणणाऱ्याने जावा प्रोजेक्ट बांधणाऱ्या मेव्हनची पोम फाइल आणि अँड्रॉइडचं मॅनिफेस्ट उघडून बघावं. त्याऐवजी वापरतात त्या जेसन फॉरमॅटमध्ये तर कॉमेंटची सोयच नाही.

माझा अंदाज, हा सल्ला नेमस्पेसला, म्हणजे टॅगच्या नावाला जोडलेल्या पत्त्याला, वैतागून जन्मला असावा. पोममधला टॅग पायथनच्या एलिमेंटट्री पार्सरने नुसत्या नावाने शोधला तर हाती ‘नन’ (None), म्हणजे काहीच नाही, असं येतं. टॅग तर डोळ्यांसमोर दिसत असतो. मग माणूस चिडून रेगेक्सकडे वळतो. टॅगच्या नावाआधी महिरपी कंसात नेमस्पेसचा पूर्ण पत्ता द्या, किंवा पायथन ३.८ पासून त्या कंसात नुसती चांदणी (*) टाका, टॅग सापडतो.