हुशार बाई आणि हसरा ब्रेट

नेटफ्लिक्सवरची 'इनसाइड जॉब' परत बघून काढली. २०२१ ची मालिका, शिऑन ताकेउची या बाईंनी उभी केलेली. कॉग्निटो नावाची कंपनी पडद्याआडून अमेरिका चालवते, आणि तिथल्या नोकरदारांची ही गोष्ट. कार्टून आहे म्हणून पोरांना सोबत घेऊन बसू नका, शिव्या आणि रक्त दोन्ही भरपूर आहे.

या ऑफिसात कोणालाही प्रवेश आहे. एक जण अर्धा डॉल्फिन, एक मनातलं ओळखणारं मशरूम, त्यांच्यासोबत काळी, गोरी, आशियाई वंशाची माणसं. भरतीचं कौतुक करावं तेवढं थोडं! पण बढतीची वेळ आली की सगळं जुन्याच वळणावर. रेगन रिडली कंपनीतलं सगळ्यात तल्लख डोकं, आई जपानी वंशाची, वडील गोरे. तिला टीमची प्रमुख करतात खरी, पण लगेच शेजारी ब्रेट हँडला आणून बसवतात. कारण काय, तर हिला माणसं हाताळता येत नाहीत. ब्रेटची पात्रता? दिसायला बरा, हसरा, कोणालाही नाही न म्हणणारा, आणि अर्थातच गोरा पुरुष.

लेखनाची खरी कमाल म्हणजे ब्रेट मनाने चांगला आहे. कोणाचं वाईट चिंतत नाही, सगळ्यांना आवडावं एवढीच त्याची धडपड. त्याचा राग राग करायची सोयच नाही. आपल्या ऑफिसांतही असंच असतं की. जागा अडवणारा माणूस दुष्ट असता तर निदान एचआरकडे तक्रार तरी करता आली असती. अप्रेझलमध्ये बाईला 'टोन जरा सांभाळ' आणि तसंच बोलणाऱ्या पुरुषाला 'लीडरशिप दिसते', हे ज्यांनी ऐकलंय त्यांना रेगन सांगावी लागणार नाही.

(पुढचं वाक्य मालिका न बघितलेल्यांनी गाळा.) पहिल्या पर्वाच्या शेवटी साहेबांची खुर्ची रिकामी होते आणि तिथे बसतो कोण, तर कंपनीतून एकदा हाकललेला रेगनचा बाप!

आता तक्रार. गीगी ही काळी बाई, जनतेच्या गळी काय उतरवायचं ते ठरवणारी. मालिकेतलं सगळ्यात मजेशीर काम तिच्याकडे, पण ती घरी गेल्यावर काय करते हे आपल्याला जवळजवळ कळतच नाही. टीममधल्या आशियाई वंशाच्या आंद्रेचंही तेच, बहुतेक वेळा नशापाण्याच्या विनोदापुरता. रेगनची आई तामिको घटस्फोटित नवऱ्याशी भांडण्यातच खर्ची पडते, तिचं जपानीपण चवीपुरतं. म्हणजे बढतीतला भेदभाव अचूक पकडणाऱ्या लेखकांनी गोष्टीतली बढती मात्र रिडली बाप-लेकीला आणि ब्रेटलाच दिली.

२०२२ मध्ये पुढचा सीझन मंजूर झाला होता, जानेवारी २०२३ मध्ये तो रद्द केला. १८ भागांवर कारभार आटोपला. गीगीचं घर बघायला मिळालं असतं तर त्याच सीझनमध्ये, म्हणून जास्त चिडचिड होते.